शामूमामांची घुमाऱ्याची डबी

माझ्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते आवाज वाढवून मागायला. भोंगे भाड्याने द्यायचे, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे, रेडिओचे व्हॉल्व्ह बदलायचे, हा माझा दौंडातला धंदा. आवाज कमी करून द्या, असं म्हणत आलेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. निमोण्याच्या एका पुढाऱ्याने तर भोंगे शेजारच्या गावाकडे तोंड करून बांधायला लावले होते. सभा त्याच्या गावात, पण भाषण ऐकवायचं होतं पलीकडच्या विरोधकाला. समोर बसलेल्या त्याच्याच माणसांना धड काही ऐकू आलं नाही, तरी त्यांनी टाळ्या मात्र वेळच्या वेळी वाजवल्या.

शामूमामा आले ते आवाज लांबवून मागायला. ही सत्तरच्या नंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट.

मामांचं खरं नाव शमुवेल. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याच्या ट्रंका बनवायचं दुकान होतं, माझ्यापासून चार दुकानं सोडून. सकाळी फळ्या निघाल्या की पत्र्यावर हातोडी सुरू व्हायची, ती दिवे लागेपर्यंत. लग्नसराईत तर विचारूच नका. नवरीला ट्रंक द्यायचीच, आणि ती मामांच्या हातचीच हवी, असा आसपासच्या गावांचा हट्ट. त्या दिवसांत मी रेडिओ तपासायला घ्यायचो तो कानाला हेडफोन चढवूनच. तोच माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन गिटार घेऊन ओट्यावर बसायचा आणि इतकं हळुवार वाजवायचा, की दिवसभर आपलं डोकं उठवणारे हेच का, असा प्रश्न पडायचा.

गिटार ते मिशनच्या शाळेत शिकले. रविवारी चर्चमध्ये वाजवायचे आणि एरवी आनंदरावांच्या भीमगीतांच्या पार्टीत. आनंदराव पेटी वाजवायचे आणि पार्टी चालवायचे. पार्टीत आम्ही सगळे बौद्ध, मी मूळचा न्हावऱ्याचा. मामा तेवढे ख्रिस्ती. कुणी डिवचलं तर म्हणायचे, "माझा रविवार येशूचा, आन् बाकीचं वार बाबासायबांचं. तुला काय आडचन हाय का?" त्यांच्या लाकडी गिटारवर तारांची थरथर पकडून ॲम्प्लिफायरला देणारा पिकअप मीच बसवून दिला होता. तेव्हापासून ती गिटार इलेक्ट्रिक झाली आणि मी फुकटात पार्टीचा साउंडवाला झालो.

मामांच्या पत्नी रूथमामी. ट्रंकांना रंग देणं आणि झाकणावर गुलाबाची फुलं काढणं हे त्यांचं काम. मामा वाजवायला बसले की हातातला ब्रश डब्यात ठेवून त्या उंबऱ्यावर टेकायच्या आणि डोळे मिटायच्या. रंग वाळून ब्रश कडक व्हायचा, मग दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायच्या. मामा त्यावरून त्यांना चिडवायचे, पण मनातून सुखावायचे, हे कुणालाही दिसत होतं.

आता घुमारा म्हणजे काय, ते सांगतो. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली तर हाक संपल्यावरही आवाज आत थोडा वेळ फिरत राहतो आणि मग विरतो. तो घुमारा. डोंगरावरून हाक जशीच्या तशी परत येते ती वेगळी, तिला आम्ही इको म्हणायचो. गिटारच्या पिकअपमधून येणारा आवाज फार कोरडा असतो, तार छेडली की टक्कन वाजून मोकळा. त्याला ओलावा आणायला हा घुमारा लागतो. हल्लीची मुलं रिव्हर्ब पेडल म्हणतात ते हेच. आज तो चिपमधून निघतो. आमच्या वेळी डबीत खरोखरीच्या स्प्रिंगा ताणलेल्या असत. गिटारचा आवाज स्प्रिंगेच्या एका टोकाला थरथरवतो, ती थरथर इकडून तिकडे चार खेपा घालते आणि दुसऱ्या टोकाला पकडून आपण ती मूळ आवाजात मिसळतो. पायाशी एक बटण असतं. दाबलं की घुमारा सुरू, पुन्हा दाबलं की बंद.

ही चीज जपून वापरायची असते, हे मला वडगाव रासाईच्या हौशी नाटकवाल्यांनी शिकवलं. त्यांच्या नाटकात मेलेल्या राजाचं भूत बोलायचं होतं. मी भुताच्या माईकला भरपूर घुमारा दिला. माईक होता विंगेजवळ, आणि विंगेत प्रॉम्प्टर. झालं असं, की प्रॉम्प्टरचाही आवाज घुमाऱ्यातून बाहेर पडला आणि भूत प्रत्येक वाक्य दोनदा बोललं, एकदा आधी आणि एकदा नंतर. लोकांना ते इतकं आवडलं, की पुढच्या वर्षी त्यांनी मला तसंच करायला सांगितलं.

चांगली डबी कशी ओळखायची? तार छेडून हात बाजूला घ्यायचा आणि फक्त शेवट ऐकायचा. सूर सरळ विरत गेला पाहिजे, मध्येच डुगडुगला की डबी बाद. मग भरभर वाजवून बघायचं, सुरांचा चिखल होतो का. शेजारी पाय आपटून बघायचा. स्प्रिंगा खणखणल्या तर स्टेजवर कुणी चालतानाही खणखणतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डबी दुकानात पसंत करायची नाही. जिथे वाजवायचं तिथे नेऊन ऐकायची. उघड्या मैदानाला स्वतःचा घुमारा नसतो आणि पत्र्याच्या हॉलला नको तितका असतो.

यापलीकडे माझी स्वतःची एक पद्धत होती. घुमारा किती हवा हे माणसाला तोंडाने सांगता येत नाही. 'वाईच जास्त', 'न्हाई, वाईच कमी' यातच सकाळची दुपार होते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायचो: डोळे मिटा, तार छेडा, बोट वर करा आणि सूर संपला की बोट खाली घ्या. बोट किती वेळ वर राहिलं त्यावरून मी डबी लावायचो. माझ्या कानाला काय ऐकू येतंय ते मी धरायचोच नाही. वाजवणारा तो आहे, तेव्हा त्याचंच बोट खरं, असा माझा नियम होता. या पद्धतीचा मला बराच अभिमानही होता.

मामांसाठी पहिली डबी मी मुंबईहून मागवली. मामांनी डोळे मिटले, तार छेडली, बोट वर केलं आणि लगेच खाली घेतलं. "लवकर संपतोय रं सूर." पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून दुसरी आणली. "ह्यो बी लवकर मरतोय." शेवटी म्हटलं, आपणच करू. पडद्याच्या लांब स्प्रिंगा घेतल्या, सर्किट मी केलं, आणि पत्र्याची पेटी अर्थातच मामांनी. काय पेटी होती! कथील वितळवून कोपऱ्यांना इतका साफ डाख दिलेला, की सांधा बोटाला लागत नव्हता. आठवडाभर ते त्या पेटीवर हातोडी मारत होते, माझ्या दुकानापर्यंत आवाज यायचा. तिच्यातही त्यांचं बोट लवकरच खाली आलं. मला त्यानंतरही मागे काहीतरी बारीक ऐकू येत होतं. पण बोट गिऱ्हाइकाचं खरं. मी घुमारा वाढवत नेला.

न्हावऱ्याच्या कार्यक्रमानंतर आनंदरावांनी मला बाजूला घेतलं.

"सुदाम, ह्ये काय चाललंय? गानं संपतंय, गायक दुसरं गानं धरतोय, आन् मामांची तार आजून मागल्याच गान्यात. गायक गातोय का हिरीत पडलाय, तेच कळंना लोकास्नी."

"मामांना तेवढाच लागतो," मी म्हणालो.

"मामांना लागतो, पर ऐकायचं आमी ना? शिरूरचा कार्यक्रम तोंडावर आलाय. तेवढा बघू. न्हाईतर पुन्याचा एक गिटारवाला तयार हाय. मला बी वाईट वाटतंय, पर पार्टी चालवायची हाय मला."

असल्या गोष्टी लपत नाहीत. दुसऱ्याच दिवशी मामा हातातली हातोडी न ठेवताच माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले, पण नेहमीसारखा चहा मागवला नाही.

"डबीचाच दोष हाय सुदाम. तू चांगली डबी लावून दे. आनंदरावाचं काय चुकीचं न्हाई. मलाच माझा सूर धड गवसंना, तर लोकास्नी काय गवसंल?" मग हातोडीकडे बघत म्हणाले, "पार्टी सुटली तर मी करू काय? ट्रंका काय, कुनीबी ठोकंल. गिटार वाजवतो म्हनून मी शमुवेल हाय."

मी म्हटलं, आपण शिरूरला जाऊनच डबी लावू. जिथे वाजवायचं तिथेच, अगदी शास्त्राप्रमाणे.

कार्यक्रम होता एका शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. ॲम्प्लिफायर टपावर आणि डबी मामांच्या मांडीवर, मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. मामींचं माहेर शिरूरचं, म्हणून त्याही बरोबर होत्या. वाटेत मामा खूप बोलत होते आणि मामी मान डोलवत होत्या. मामा आज फारच मोठ्याने बोलताहेत, असं मला एकदा वाटलं. एसटीच्या खडखडाटात ते मी सोडून दिलं.

हॉल रिकामा होता. मी मशीन जोडलं, मामा स्टेजवर बसले, मामी मागच्या बाकावर. रिकाम्या हॉलमध्ये आवाज नेहमीच जास्त घुमतो, म्हणून मी घुमारा आधी अगदी थोडा ठेवला.

"मामी, तुम्ही पण बोट धरा," मी गमतीने म्हणालो. "स्टेजवर एक आणि लोकांत एक, म्हणजे बरोबर अंदाज येईल."

मामांनी डोळे मिटून तार छेडली. सूर पत्र्याखाली फिरायला लागला. मामांचं बोट वर गेलं, तिकडे मामींचंही. थोड्याच वेळात मामांचं बोट खाली आलं. सूर मात्र चालू होता. मला ऐकू येत होता, चांगला स्वच्छ. मी मागे वळून बघितलं. मामींचं बोट अजून वर होतं, डोळे मिटलेले. डोळे उघडल्यावर मामांचं बोट खाली आलेलं दिसताच त्यांनी आपलंही झटकन पदराखाली घेतलं.

मी म्हटलं, पुन्हा एकदा. या वेळी मी दोघंही दिसतील असा बाजूला उभा राहिलो, पण बघत राहिलो मामींकडेच. मामांचं बोट उतरलं त्याच क्षणी मामींचंही उतरलं. सूर त्यानंतरही हॉलमध्ये फिरत होता आणि आम्ही दोघं तो ऐकत एकमेकांकडे बघत होतो.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घुमाऱ्याचा शेवट हा सगळ्यात बारीक आवाज. कान उतरायला लागले की आधी तो जातो. बोलणं ऐकू येतं, गाणं ऐकू येतं, पण सुराचं शेपूट ऐकू येत नाही, आणि माणसाला वाटतं सूर लवकर संपला. मी डबीमागून डबी बदलत होतो आणि डब्या सगळ्या चांगल्या होत्या. वर्षानुवर्षं पत्र्यावर हातोडी मारून मामांचे कान गेले होते.

मामा सिगारेट ओढायला बाहेर गेले. मी मामींजवळ गेलो.

"मामी, कधीपासून?"

"झाली दोन वर्सं, जास्तच आसंल." त्या खाली बघत होत्या. "घरात मी मोठ्यानं बोलते. त्यास्नी वाटतं, माजाच आवाज चढलाय. म्हंत्यात, म्हातारपनी तू लई वरडाया लागलीस."

"त्यांना माहीत नाही?"

"म्हाईत नसायला काय, त्ये काय ल्हान हायेत? पर तोंडानं म्हनलं न्हाई आजून. मी बी म्हनत न्हाई." मग माझा हात धरून म्हणाल्या, "आज नगं सांगू बाबा. आजचं वाजवू दे."

मी सांगितलं नाही. डबी मी माझ्या आणि मामींच्या कानाने लावली, जितका घुमारा त्या हॉलला शोभत होता तितकाच. घुमारा कमी-जास्त करायच्या बटणावर मामांच्याच डाखाचा एक ठिपका देऊन ते जाम करून टाकलं. मामा आत आले, बटण हलतंय का बघितलं आणि गिटार उचलली. लवकर संपतोय, असं म्हणाले नाहीत. त्यांना सगळं ठाऊक आहे, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी हॉल भरला. गाणी झाली, आणि मध्यंतराच्या आधी मामांची स्वतः बसवलेली संथ धून आली. तिच्यात प्रत्येक ओळीनंतर थांबायचं असतं. सूर पुरता विरू द्यायचा आणि मग पुढची ओळ घ्यायची. मामा नेहमी डोळे मिटून वाजवायचे. त्या दिवशी त्यांचे डोळे उघडे होते आणि ते बायकांच्या पहिल्या रांगेकडे बघत होते. तिथे मामी बसल्या होत्या. गुडघ्यावर हात आणि एक बोट जरासं वर. सूर विरला की ते बोट टेकायचं आणि मामा पुढची ओळ घ्यायचे. एकही ओळ आधी आली नाही, की उशिरा आली नाही. शेजारच्या बाईलाही कळलं नसेल. दोघांचं आपसात काही ठरलं होतं का, मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. मशीनपाशी बसून मी रडत होतो आणि हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या.

आनंदराव धावतच माझ्याकडे आले. "आरं, ही डबी झ्याक हाय की! हीच कायम ठिवायची." मग स्टेजवरच्या मामांकडे वळून ओरडले, "मामा, पुन्याच्या पोराचं इसरा आता. तुमीच!"

त्यानंतर मामा पार्टीत कधीच वाजवायला बसले नाहीत. चर्चमध्येही ते मागच्या बाकावर बसू लागले. ट्रंकांचं काम मात्र चालू राहिलं, ते कसं सुटणार? गल्लीत हातोडीचा आवाज पूर्वीसारखाच यायचा, फक्त तो ऐकून मी चिडेनासा झालो. डबी पार्टीतच राहिली, पुण्याच्या मुलाने ती पुष्कळ वाजवली आणि नावाजली. तिची बनावट बघायला लोक लांबून यायचे. कुणी मला चांगल्या डबीची खूण विचारली की मी आधी विचारायचो, ऐकणार कोण आहे? बोटाची पद्धत मी तेव्हाच सोडली.

पण मामांनी गिटार का सोडली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शिरूरच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत होतो. गर्दी नव्हती. मामी थोड्या मागे, बोचक्याशी उभ्या होत्या. मामांनी मला जवळ ओढलं.

"डबी ब्येस झाली सुदाम. आता ती पार्टीतच ठिव. नवा येईल त्याला दे."

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "असं का मामा? आनंदराव तर तुम्हीच पाहिजे म्हणताहेत."

"काल मी रूथकडं बघून वाजवलं. तू बगितलंस, मला म्हाईत हाय." त्यांनी एकवार मागे मामींकडे पाहिलं. "लगीन झाल्यापासनं ती माजं वाजवनं ऐकतीया. डोळं मिटून. रंगाचा बरश वाळून जायचा, पर तिला भान नसायचं. काल तिचं डोळं टक्क उघडं, आन् श्वास धरून बसलेली. ती ऐकतच नव्हती रं. माजा सूर कवा सरतोय, त्याची वाट बघत व्हती. मला तर ऐकू येत न्हाईच. ऐकनारं एक मानूस व्हतं, त्याला बी मी कामाला जुंपलं. ह्ये मला न्हाई जमायचं."

मान खाली घालून मी हळूच म्हणालो, "पण मामा, तुम्ही वाजवायचंच सोडलं, तर मग मामींनी ऐकायचं काय?"

मामा रस्त्याकडे बघत होते. लांबून एक गाडी येत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता.

मामींनी तो ऐकला होता. मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तशी त्यांनी मान हलवून मला नको म्हटलं.

"गाडी कुठली हाय गं?" मामांनी विचारलं.

मामी पुढे आल्या. स्टँडवरची चार माणसं बघत होती, पण त्यांनी मामांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने सांगितलं, "दौंडचीच हाय! चला!" आणि गिटार स्वतःच्या खांद्याला अडकवून त्या गाडीकडे निघाल्या.